मूळ फ्लायव्हील हलकं करताना: किती काढायचं, कुठून काढायचं आणि कुठे हात लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.३ लिटरची पेट्रोल मारुती एस्टीम, रोजच्या वापरात आहे आणि अधूनमधून ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातल्या वळणावळणाच्या, वेळेवर चालणाऱ्या शर्यतीला) उतरते. क्लच बदलायचा असल्याने गिअरबॉक्स खाली येणारच आहे. मूळ बिडाचं (कास्ट आयर्नचं) फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या क्रँकच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बसणारं आणि क्लच ज्यावर घासतो ते जड चाक, काट्यावर ७ किलो भरलं. टर्नर (लेथवर काम करणारा कारागीर) म्हणतो, अडीच किलो उतरवून देतो, वर आठ भोकं पाडली की आणखी हलकं होईल. हे करावं का, आणि पिकअप किती वाढेल?

हलकं करा, पण एक किलो, फार तर सव्वा. तेही फक्त इंजिनाकडच्या अंगाने, बाहेरच्या पट्ट्यातून. वजन उतरवण्यासाठी भोक एकही नको. अडीच किलो उतरवायचंच असेल तर या बिडाच्या फ्लायव्हीलचा नाद सोडून पोलादी फ्लायव्हील घ्यावं लागेल. हे का, ते आकड्यांनिशी पाहू, कारण टर्नरला नाही म्हणताना हातात आकडे असलेले बरे.

आधी फायदा नेमका कशाचा होतो ते. फ्लायव्हील हलकं केल्याने इंजिनाची ताकद अर्ध्या अश्वशक्तीनेही वाढत नाही. इंजिन जी ताकद देतं त्यातला काही भाग गाडी ढकलण्याऐवजी फ्लायव्हीलचाच वेग वाढवण्यात जातो. तो भाग कमी होतो, इतकंच. म्हणून एकाच वेगाने हायवेवर चालताना काही फरक जाणवणार नाही आणि टॉप स्पीडही वाढणार नाही. फरक पडतो तो आरपीएम चढत असताना, आणि तोही खालच्या गिअरमध्ये. ज्या डायनोवर रोलर पळवत नेऊन ताकद मोजतात, तिथे हलक्या फ्लायव्हीलनंतर आकडा थोडा वाढलेला दिसतो. तो याचाच परिणाम आहे. स्थिर आरपीएमवर भार देऊन मोजलं तर आकडा आधीइतकाच येईल.

फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व वजनावर आणि त्या वजनाच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. हा वर्ग लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. केंद्रापासून १०० मि.मी. अंतरावरचा एक किलो काढला तर जडत्व ०.०१ किलो-चौरस मीटरने कमी होतं. तोच किलो मधल्या भागातून, ४० मि.मी. अंतरावरून काढला तर फक्त ०.००१६ ने. काट्यावर दोन्ही फ्लायव्हील सारखीच भरतील, पण पहिल्याचा फायदा दुसऱ्याच्या सहापट आहे. आणि मधला भाग म्हणजे क्रँकच्या बोल्टांभोवतीचा भाग, जिथून धातू काढणं सर्वांत धोक्याचं.

हा फायदा गाडीच्या वजनात मांडता येतो. गिअरचं प्रमाण आणि फायनल ड्राइव्ह यांचा गुणाकार करा, त्याला चाकाच्या त्रिज्येने मीटरमध्ये भागा, उत्तराचा वर्ग करा आणि कमी झालेल्या जडत्वाने गुणा. या वर्गातल्या गाडीसाठी पहिला गिअर ३.४, दुसरा १.९, तिसरा १.३, पाचवा ०.७६, फायनल ४.१ आणि चाकाची त्रिज्या ०.२७ मीटर धरा. बाहेरच्या पट्ट्यातून काढलेला एक किलो पहिल्या गिअरमध्ये गाडीचं सुमारे २७ किलो वजन कमी केल्यासारखा वागतो. दुसऱ्यात ८ किलो, तिसऱ्यात ४ आणि पाचव्यात जेमतेम सव्वा किलो. ऑटोक्रॉसमध्ये सारा खेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरचा असल्याने तिथे हे कामाचं आहे. पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवर पाचव्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना त्याचा उपयोग नाही.

आता टर्नरच्या अडीच किलोकडे येऊ. समजा बिडाच्या भागाची त्रिज्या १२० मि.मी. आहे आणि त्यावर रिंग गिअर (स्टार्टर मोटर ज्याला फिरवते ते दातेरी कडं) बसलेला आहे. रिंग गिअरच्या खाली किमान १० मि.मी. जाड भिंत राहिलीच पाहिजे, नाहीतर त्याची पकड जाते. म्हणजे कापायला मिळणारा पट्टा ११० मि.मी. त्रिज्येपासून आत साधारण ८५ मि.मी.पर्यंतचा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे १५३ चौ. सें.मी. बिडाची घनता दर घन सें.मी.ला ७.२ ग्रॅम धरली तर एक मि.मी. खोल कापल्यावर ११० ग्रॅम निघतात. एक किलोसाठी ९ मि.मी. खोल जावं लागतं. त्या जागी मूळ जाडी २४ मि.मी. असेल तर १५ उरते, ते ठीक आहे. अडीच किलोसाठी मात्र जवळजवळ २३ मि.मी. खोल जावं लागेल, म्हणजे पत्रा उरेल. त्यामुळे टर्नर ते वजन तिथून काढूच शकत नाही. तो क्लच प्लेटच्या मागची जाडी काढणार, मधला भाग बारीक करणार आणि उरलेलं भोकांनी भरून काढणार. या तिन्ही जागा नको त्या आहेत.

तुमचं फ्लायव्हील हातात आल्यावर ही मापं स्वतः घ्या आणि हाच हिशेब तुमच्या आकड्यांनी करा. जाडी घेताना डेप्थ गेज वापरा आणि चार जागी मोजा. जुन्या कास्टिंगमध्ये मागची बाजू सगळीकडे सारखी नसते.

क्लच प्लेटच्या मागची जाडी का नको, ते आधी सांगतो, कारण याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. क्लच घसरतो तेव्हा तयार होणारी उष्णता शोषून घ्यायचं काम फ्लायव्हीलच्या त्या भागाचं असतं. घाटात भरलेली गाडी चढावर उचलताना किंवा ऑटोक्रॉसच्या सुरुवातीला क्लच सोडताना तो भाग काही सेकंदांत तापतो. धातू कमी तितकं तापमान जास्त. मग पृष्ठभागावर निळे डाग पडतात. त्या डागांच्या जागी बीड कडक आणि ठिसूळ होतं, क्लच सोडताना थरथर जाणवते, आणि हळूहळू बारीक भेगांचं जाळं पसरतं. म्हणून क्लच प्लेट जिथे घासते त्या पट्ट्याच्या मागे १२ मि.मी.पेक्षा कमी जाडी ठेवू नये. स्पर्धेची गाडी असेल तर त्याहून जास्तच ठेवा.

भोकांचं गणित थोडं वेगळं आहे. रिंग गिअर धरून २६० मि.मी. व्यासाचं चाक ७००० आरपीएमला फिरताना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला ९५ मीटर होतो, म्हणजे ताशी ३४० किमीच्या पुढे. पातळ कड्याच्या साध्या सूत्राने, घनता गुणिले वेगाचा वर्ग, बिडात सुमारे ६५ मेगापास्कलचा ओढ-ताण येतो. राखाडी बिडाची नेहमीची ग्रेड एफजी २०० धरली तर तिची ओढ सहन करण्याची ताकद २०० मेगापास्कल. तिप्पट सुरक्षितता दिसते, पण ती कागदावरची. गोल भोकाच्या काठावर ताण दोन ते तीन पट होतो. म्हणजे तो १५०च्या आसपास गेला. शिवाय हा ताण एकदा येऊन थांबत नाही. प्रत्येक वेळी आरपीएम चढतात आणि उतरतात तेव्हा तो येतो-जातो, आणि अशा वारंवार येणाऱ्या ताणाला बीड आपल्या ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंतच टिकतं. त्यात उष्णतेचा ताण आणि कास्टिंगमध्ये लपलेली एखादी पोकळी धरा. हिशेब तिथेच बिघडतो.

आरपीएमचाही विचार करा. ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७००० वरचे ६५ मेगापास्कल ८५०० वर ९६ होतात. लिमिटर (आरपीएम ठरावीक आकड्यावर रोखणारी यंत्रणा) ७००० ला असला तरी चौथ्यातून तिसऱ्याऐवजी चुकून पहिला पडला की चाकं इंजिनाला ओढून लिमिटरच्या वर नेतात. तिथे लिमिटरचा उपयोग नाही.

आणि बीड वाकत नाही. पोलाद ताणलं तर आधी थोडं लांबतं, आवाज करतं, थरथरतं. बिडाला भेग पडली की पुढचा टप्पा थेट तुटण्याचा. तुटलेला अर्ध्या किलोचा तुकडा त्या वेगाने सुटला तर अ‍ॅल्युमिनियमचं बेल हाऊसिंग (फ्लायव्हील आणि क्लचभोवतीचं आवरण) त्याला अडवू शकत नाही. एस्टीमसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत त्या घेरात ब्रेकचे पाइप, पेट्रोलची लाइन आणि वायरिंग येतं. जिप्सीसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत बेल हाऊसिंग चालकाच्या पायांशेजारीच असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये फ्लायव्हील आणि क्लचसाठी एसएफआय (रेसिंगच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) १.१ आणि तुकडे अडवणाऱ्या बेल हाऊसिंगसाठी एसएफआय ६.१ अशी स्वतंत्र प्रमाणपत्रं आहेत. आपल्याकडे गल्लीतल्या लेथवर ही खबरदारी आपली आपणच घ्यायची असते.

कोणत्या गाडीत हा विचारच करू नये, तेही इथेच सांगून टाकतो. ड्युअल मास फ्लायव्हील असेल, जसं अनेक टर्बो-डिझेल गाड्यांत असतं, तर ते लेथवर लावायचंच नाही. त्याच्या आत कमानी स्प्रिंगा आणि ग्रीस असतं. कापलं की ते कायमचं गेलं. साध्या डिझेललाही हलकं फ्लायव्हील मानवत नाही, कारण प्रत्येक स्फोटाचा धक्का मोठा आणि आयडलचे आरपीएम कमी. तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात दोन स्फोटांमधलं अंतर जास्त असल्याने वजनाच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नका. शिवाय त्यातल्या काहींमध्ये फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असंतुलित केलेली असते. आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आलेलं फोर्डचं १.० लिटरचं इकोबूस्ट हे त्याचं उदाहरण. अमेरिकन व्ही-८ मध्ये शेव्हरोले ४०० आणि ४५४ ही तशीच बाहेरून संतुलित केलेली इंजिनं. अशा फ्लायव्हीलला कोणी साधं शून्यावर बॅलन्स केलं तर इंजिन आधीपेक्षा जास्त थरथरेल. एस्टीमचं चार सिलिंडरचं इंजिन असल्याने हा प्रश्न तुम्हाला नाही.

आता प्रत्यक्ष काम. उतरवण्यापूर्वी फ्लायव्हील आणि क्रँक, तसंच प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) आणि फ्लायव्हील यांच्यावर सेंटर पंचाने जुळणाऱ्या खुणा करा. टायमिंगची खूण किंवा क्रँक सेन्सरचे दात फ्लायव्हीलवर आहेत का ते पाहा. असतील तर त्या जागेला आणि तिच्या कडेला लेथचं टूल लागता कामा नये, आणि काम झाल्यावर खूण पूर्वीइतकीच ठळक दिसली पाहिजे.

नंतर डिझेलने आणि मग ब्रेक क्लीनरने स्वच्छ धुवा. बीड तेल पितं, त्यामुळे एकदा पुसून भागत नाही. जाड दोरीला टांगून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच ठोका. चांगलं बीड घुमतं, भेग असलेलं बद्द वाजतं. पण हा नुसता अंदाज आहे, खात्री डाय पेनिट्रंटनेच (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) करायची. लाल डाय मारून १५ मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा आणि १० मिनिटांनी उजेडात पाहा. क्लच घासण्याच्या जागी वरवरचं बारीक जाळं दिसलं तर ते फेसिंगमध्ये (लेथवर पृष्ठभाग सपाट कापताना) निघू शकतं. केंद्राकडून कडेकडे जाणारी भेग, किंवा बोल्टच्या भोकापासून निघालेली कोणतीही लाल रेघ दिसली की ते फ्लायव्हील बाद. त्यावर लेथचे पैसे घालू नका.

लेथवर लावताना सगळ्यात मोठी चूक बाहेरच्या घेरावर जबडे धरून केली जाते. रिंग गिअरचे दात म्हणजे संदर्भाची जागा नव्हे. फ्लायव्हील क्रँकवर ज्या मधल्या भोकाने बसतं, त्या भोकात अचूक बसणारं मँड्रेल (केंद्र धरून ठेवणारा दांडा) तयार करून त्यावरच ते बसवा आणि क्रँकच्याच बोल्टांच्या भोकांतून फेसप्लेटला आवळा. मग डायल गेज (फिरताना होणारी डुलणी मोजणारं काट्याचं मापक) लावा. घेरावर आणि फेसवर ०.०५ मि.मी.च्या आत आलं की कापायला सुरुवात करा. एक किलोचं कडं ०.१ मि.मी. सरकून कापलं तर १०० ग्रॅम-मि.मी.चं असंतुलन पदरात पडतं. ते पुढे दिलेल्या मर्यादेच्या दुप्पट आहे.

बिडासाठी के ग्रेडचं कार्बाइड टूल वापरा आणि कोरडंच कापा. २६० मि.मी. व्यासावर लेथ ११० आरपीएमच्या आसपास ठेवला तर कापण्याचा वेग मिनिटाला ९० मीटर होतो. रफ कट १ ते १.५ मि.मी., शेवटचे दोन ०.२ ते ०.३ मि.मी. बिडाची धूळ बारीक असते, मास्क लावा आणि लेथचे मार्ग झाकून घ्या.

आतला कोपरा कधीही काटकोनात सोडू नका. कापलेला पट्टा जिथे संपतो तिथे किमान ३ मि.मी. त्रिज्येची गोलाई द्या, जमलं तर ५. टूलच्या टोकाचा धारदार खाचा म्हणजे भेगेला दिलेलं आमंत्रण, भोकाइतकंच वाईट. टर्नरला हे तोंडी न सांगता कागदावर आकृती काढून द्या. त्यावर कुठून कुठपर्यंत, किती खोल, गोलाई किती आणि कुठे टूल लावायचं नाही, हे सगळं लिहा. टूल न लावायच्या जागा अशा: क्रँकच्या बोल्टांभोवतीचा सपाट भाग, डॉवेल पिनांभोवतीचा (जागा पक्की करणाऱ्या खुंट्यांभोवतीचा) भाग, रिंग गिअर ज्या खांद्यावर टेकतो तो खांदा आणि सेन्सरचे दात.

प्रेशर प्लेटच्या बोल्टांचे आटे याच पट्ट्यातून आरपार जातात. बिडात आट्यांची लांबी बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट हवी. ८ मि.मी.चा बोल्ट असेल तर १२ मि.मी. आटे शिल्लक राहिलेच पाहिजेत. २४ मधून ९ गेले तर १५ उरतात, म्हणजे एक किलो इथेही बसतो, पण सव्वाच्या पुढे जाता येत नाही. कापून झाल्यावर मागच्या बाजूला आट्यांच्या तोंडाशी हलका चॅम्फर (तिरकी कड) मारा.

समोरची, म्हणजे क्लच घासण्याची बाजू. ती गुळगुळीत आणि सपाट असेल तर तिला हात लावू नका, १२० च्या एमरीने चकाकी काढली की पुरे. खड्डे असतील तर फेसिंग करा, पण निळे कडक डाग असतील तर लेथचं टूल त्यावरून उडी मारतं आणि डाग उंचवट्यासारखा राहतो. तिथे सरफेस ग्राइंडिंगच हवं. आणखी एक: क्लच घासण्याची जागा आणि प्रेशर प्लेट बसण्याची जागा यांच्या उंचीत फरक असेल तर तो फरक जसाच्या तसा राहिला पाहिजे. एका जागेवरून ०.४ मि.मी. काढले तर दुसरीवरूनही ०.४ काढा. नुसती घासण्याची जागा खोल केली तर प्रेशर प्लेटचा दाब कमी होतो आणि नवा क्लच पहिल्याच आठवड्यात घसरायला लागतो. मग दोष प्लेटला दिला जातो.

रिंग गिअरचे दात एका जागी झिजलेले असतील तर याच वेळी बदला. तो गरम करून बसवलेला असतो. काढताना दोन दातांच्या मधल्या खाचेत ड्रिल मारून छिन्नीने फोडतात, आणि ड्रिल बिडाला लागू द्यायचं नाही. नवा बसवताना भट्टीत किंवा ओव्हनमध्ये २०० ते २३० अंशांपर्यंतच तापवा. २५० मि.मी. व्यासाचं कडं तेवढ्यात सुमारे अर्धा मि.मी. फुगतं आणि सहज बसतं. गॅस टॉर्चने लाल करू नका. पोलादावर फिकट पिवळा रंग आला की थांबा. निळा आला तर दातांची कडकाई गेली आणि स्टार्टर वर्षभरात ते खाऊन टाकेल. दातांची उतरती बाजू स्टार्टरच्या पिनियनकडे यायला हवी. उलटा बसला तर स्टार्ट करताना दरवेळी करकर ऐकू येईल.

लेथवरून उतरल्यावर पुन्हा एकदा डाय पेनिट्रंट. कापल्यानंतर आतली पोकळी उघडी पडलेली असू शकते. कडेला टाचणीच्या डोक्याएवढी पोकळी दिसली तरी ते फ्लायव्हील बसवू नका.

आता बॅलन्सिंग, आणि हा टप्पा गाळणं म्हणजे केलेलं सगळं काम वाया घालवणं. फ्लायव्हीलसाठी आयएसओची नेहमीची ग्रेड जी ६.३ आहे. ६ किलोचं फ्लायव्हील ७००० आरपीएमला चालणार असेल तर शिल्लक असंतुलन सुमारे ५० ग्रॅम-मि.मी.च्या आत हवं, म्हणजे १०५ मि.मी. त्रिज्येवर अर्धा ग्रॅम. स्पर्धेच्या गाडीला जी २.५ मागा. तिथे मर्यादा २० ग्रॅम-मि.मी., म्हणजे ०.२ ग्रॅम. हे आकडे फार काटेकोर वाटत असतील तर उलटा हिशेब करा. ११० मि.मी. वर ५ ग्रॅम जास्त राहिले तर ७००० आरपीएमला जवळजवळ ३० किलोचा धक्का सेकंदाला ११७ वेळा मागच्या मेन बेअरिंगला आणि क्रँक सीलला बसतो.

बॅलन्सिंग मशीनवरही मधल्या भोकात घट्ट बसणारं मँड्रेलच हवं. इथे ढिलाई चालत नाही. ६ किलोचं चाक ०.१ मि.मी. सरकून बसलं तर मशीन ६०० ग्रॅम-मि.मी. दाखवेल आणि ते दुरुस्त करताना कारागीर मुळात ठीक असलेलं चाक बिघडवेल. आधी फ्लायव्हील एकटं बॅलन्स करा. मग प्रेशर प्लेट बसवून पुन्हा, पण आता दुरुस्ती फक्त प्रेशर प्लेटवर. दोघांवर रंगाची खूण करा. पुढे क्लच बदलला तर फ्लायव्हील परत मशीनवर नेण्याची गरज राहत नाही. दुरुस्तीची भोकं इंजिनाकडच्या बाजूने, उथळ, बोथट टोकाच्या ड्रिलने आणि एकमेकांपासून लांब. एकाच जागी दाटीवाटीने पाच-सहा भोकं लागत असतील तर चूक लेथवर झालेली आहे, ड्रिलने ती झाकू नका.

बसवताना क्रँकचा मागचा सील नवा घाला, तेवढ्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणं परवडत नाही. क्रँकच्या टोकाचा फेस आणि फ्लायव्हीलचा फेस यांच्यात रंगाचा पापुद्रा किंवा बिडाचा कणही नको. बोल्ट नवेच वापरा. ताणून बसवायचे बोल्ट असतील तर ते दुसऱ्यांदा वापरायचेच नसतात. मॅन्युअलमधला टॉर्क तीन फेऱ्यांत, समोरासमोरच्या क्रमाने द्या. नंतर डायल गेज ब्लॉकला टेकवून फेसची डुलणी मोजा. मोजताना क्रँक एकाच बाजूला ढकलून धरा, नाहीतर त्याचा मागेपुढे होणारा खेळ गेजवर दिसेल आणि विनाकारण घाबरायला होईल. बहुतेक मॅन्युअल ०.१ ते ०.२ मि.मी.ची मर्यादा देतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक अर्धा फेरा, सगळे सारखे चढवा.

पुढची रबरी डँपर पुली याच कामात हलकी करू नका. फ्लायव्हीलचं जडत्व बदललं की क्रँकच्या पिळाच्या कंपनाची वारंवारता थोडी सरकते, आणि त्या कंपनाला आवरणारी तीच एक गोष्ट आहे. हलकं फ्लायव्हील आणि हलकी अ‍ॅल्युमिनियम पुली अशी जोडी विकली जाते. रोजच्या गाडीत ती घेऊ नये.

गाडी चालू केल्यावर काय जाणवेल? अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आरपीएम पटकन खाली येतील, त्यामुळे वरचा गिअर आधीपेक्षा जलद टाकावा लागेल. सावकाश टाकला तर धक्का बसेल. खाली गिअर टाकताना आरपीएम जुळवणं सोपं होईल. आयडल थोडं डुलेल, विशेषतः एसीचा कॉम्प्रेसर जोडला जातो त्या क्षणी. ५० ते १०० आरपीएमने आयडल वाढवलं की बहुतेक गाड्यांत भागतं. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्समधून हलकी खडखड आली आणि क्लच दाबल्यावर ती थांबली, तर ती बहुधा इंजिनाच्या झटक्यांची आहे. बेअरिंग गेलंच असेल असं नाही. ओबीडी (गाडीतली दोष ओळखणारी यंत्रणा) असलेल्या नव्या गाड्यांत मात्र एक अडचण येते. तिथे ईसीयू (इंजिनाचा संगणक) क्रँकच्या वेगातल्या चढउतारांवरून मिसफायर (सिलिंडरमध्ये स्फोट न होणं) ओळखतो. फ्लायव्हील हलकं झालं की चढउतार वाढतात आणि मिसफायर नसतानाही पी०३०० हा मिसफायरचा कोड लागू शकतो. स्पार्क प्लग बदलून तो जात नाही.

चढावर गाडी उचलताना फरक जास्त कळतो. फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा जडत्वाच्या प्रमाणात घटते. मूळ जडत्व ०.०६ धरलं तर १५०० आरपीएमला साठलेले ७४० जूल आता ६२० वर येतात. म्हणून क्लच सोडताना आरपीएम थोडे जास्त ठेवावे लागतात, म्हणजे क्लच थोडा जास्त घासतो. घरी ही गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर सिग्नलला गाडी वारंवार बंद पडेल. एक किलोपर्यंत हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. अडीच किलो काढलेल्या गाडीत मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ते रोजचं दुखणं होऊन बसतं.

स्पर्धेत उतरणार असाल तर लेथवर जाण्यापूर्वी तुमच्या वर्गाचे नियम वाचा. उत्पादनात आहे तशीच गाडी लागणाऱ्या वर्गात मूळ फ्लायव्हीलला केलेला बदल तपासणीत बाद ठरू शकतो, आणि तपासनीस वजन करून पाहतात.

अडीच किलोचाच फरक हवा असेल तर क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) किंवा तत्सम मिश्र पोलादाच्या सलग गोळ्यातून कापलेलं फ्लायव्हील घ्या. पोलादाची ताकद बिडाच्या तिप्पट-चौपट असल्याने तिथे पातळ भिंती चालतात. अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर क्लच घासण्याच्या जागी पोलादी कडं स्क्रूने बसवलेलं असलंच पाहिजे, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमवर क्लच प्लेट चालत नाही. बाजारातून प्लेट कापून आणून स्थानिक लेथवर नवं फ्लायव्हील बनवायचा विचार असेल तर त्या पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका. भंगारातल्या तुकड्याची ग्रेड डोळ्यांना कळत नाही.

पहिले ५०० किलोमीटर नवी प्लेट रुळेपर्यंत जोरात सुरुवात टाळा आणि लिमिटरपर्यंत नेऊ नका. त्यानंतर ३००० ते ५००० आरपीएमच्या दरम्यान नवी थरथर येते का ते पाहा. आरपीएमबरोबर वाढणारी आणि क्लच दाबला तरी न जाणारी थरथर असेल तर बॅलन्सिंगमध्ये किंवा बसवण्यात चूक आहे, गाडी तिथेच थांबवा. पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा पुन्हा डाय पेनिट्रंट मारा, आणि गोलाईच्या कोपऱ्याकडे आणि बोल्टांच्या भोकांकडे आधी पाहा. भेग सापडली तर वेल्डिंग करून ती भरायला देऊ नका. बिडात वेल्डच्या शेजारीच नवी भेग पडते. असं फ्लायव्हील भंगारात देण्यापूर्वी रिंग गिअर फोडून टाका आणि फेसवर खोल खूण मारा, म्हणजे ते पुसून-रंगवून दुसऱ्या कोणाच्या गाडीत जाणार नाही.